छातीवरचं जनावर, पाठीवरचा नंबर
(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कपड्यांवर बोलणार आहे. हसू नका. कपड्यावरची खूण ही साधी गोष्ट असती तर आपल्या बापजाद्यांनी तिच्यापायी मार खाल्ला नसता. जयंतीच्या कबड्डी सामन्यांसाठी आपल्या पोरापोरींना टी-शर्ट पाहिजेत. एक बिल्डर ते फुकट द्यायला तयार झालाय. छातीवर त्याच्या कंपनीचं चिन्ह, पाठीवर त्याचं थोबाड, आणि निळा रंग नको, कारण तो म्हणे 'एकाच समाजाचा' वाटतो. निम्मी पोरं म्हणतात, घ्या, फुकटचं आहे. निम्मी म्हणतात, नको. ठराव आजच करायचाय.

मी गोदीत लॅशिंगचं काम करतो. कंटेनर साखळदंडांनी आवळायचे, जहाज हललं तरी कंटेनर हलता कामा नये, हे माझं काम. शिक्षण दहावी. कविता लिहितो. पण या एका विषयावर मी बरंच वाचलंय आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय हात वर करून मत घेऊ नका, एवढीच विनंती. सांगणार आहे ते अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचं. तुम्ही म्हणाल, याला काय झालं, वस्तीतल्या कबड्डीवरून थेट अमेरिका? थांबा. ती अमेरिका आपल्या घरापर्यंत येते.

तिथला फुटबॉल म्हंजे कूपरेजवरचा नव्हे. पायापेक्षा हाताने जास्त खेळतात, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला गाद्या, आणि माणसाने माणसाला धडक द्यायची. कॉलेजातली पोरं खेळतात, पण कॉलेजचं गॅदरिंग समजू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एका वेळी 1 लाखाहून जास्त माणसं बसतात. प्रत्येक कॉलेजचा रंग ठरलेला, चिन्ह ठरलेलं, जनावर ठरलेलं. मिशिगनच्या हेल्मेटवर पिवळे पंख असतात, ते 1938 पासून. फ्रिट्झ क्रायस्लर नावाच्या प्रशिक्षकाने ते आणले. धावपळीत आपला गडी चटकन ओळखू यावा, हा त्यात एक हिशेब होता. ऑरेगन विद्यापीठाच्या मागे नायकी कंपनीचा फिल नाईट उभा. तो तिथलाच माजी विद्यार्थी. ती पोरं दर सामन्याला नवा अवतार करून उतरतात. ते कपडे दुकानात लागतात, लोक घेतात, पैसा वाहतो.

आपले बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या कोलंबियाचा रंग फिका निळा आणि पांढरा, जनावर सिंह. बाबासाहेब पोचले तेव्हा तिथे फुटबॉल बंद होता. खेळातल्या दांडगाईमुळे 1905 साली बंद केला होता, 1915 ला पुन्हा सुरू झाला. आपला निळा तिथून आला असं मी म्हणत नाही. उगाच पुड्या सोडायच्या नाहीत. एवढंच सांगतो की ज्या देशात आपला माणूस शिकला, त्या देशात कपड्याचा रंग आणि छातीवरचं जनावर यावरून काय काय झालं, हे आपल्याला माहीत पाहिजे.

आधी आपला हिशेब. आपला पहिला युनिफॉर्म कोणता? बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' भाषणात लिहून ठेवलाय. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, गळ्यात मडकं अडकवायचं. मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा, दुरून ओळखू यावा म्हणून. मित्रांनो, हीसुद्धा टीमची ओळखच होती. रंग ठरलेला, खूण ठरलेली, लांबून दिसणारी. फक्त ठरवणारा दुसरा आणि घालणारा दुसरा. म्हणून कुठलीही खूण समोर आली की मी चार प्रश्न विचारतो. ही कोणी काढली? ही कोणाच्या अंगावर आहे? हिचे पैसे कोणाच्या खिशात जातात? आणि ज्याच्या अंगावर आहे त्याला नाही म्हणायची मुभा आहे का? हे चार प्रश्न घेऊन आता अमेरिकेत चला.

पहिलं, खूण कोणी काढली. इलिनॉय विद्यापीठ. तिथल्या आदिवासी जमातींना गोऱ्यांनी त्यांच्या मुलखातून हुसकून लावलं. आधी कॅन्सासकडे, मग ओक्लाहोमाकडे. त्यांचे आजचे वारस म्हणजे ओक्लाहोमातली पिओरिया जमात. माणसं घालवली आणि नाव ठेवून घेतलं. 1926 पासून तिथे फुटबॉलच्या मध्यंतरात एक विद्यार्थी, बहुतेक गोराच, डोक्यावर पिसांचा टोप घालून 'चीफ इलिनिवेक' म्हणून नाचायचा. त्याचा वेश इलिनॉयच्या आदिवासींचा नव्हताच. तो लांबच्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटांचा. म्हणजे नाव एकाचं, कपडे दुसऱ्याचे, अंग तिसऱ्याचं, आणि टाळ्या वाजवणारे चौथे. वर म्हणायचं, आम्ही तुमचा सन्मान करतो.

हा सन्मान आपल्याला ओळखीचा वाटतो का? वर्षभर पाणी देत नाहीत आणि मिरवणुकीत हलगी वाजवायला बोलावतात. तोच हा सन्मान.

शार्लीन टीटर्स नावाची स्पोकेन जमातीची बाई तिथे चित्रकला शिकायला आली. 1980 च्या दशकाच्या शेवटी ती हातात फलक घेऊन स्टेडियमबाहेर एकटी उभी राहिली. लोकांनी तिला शिव्या घातल्या. पिओरिया जमातीच्या पंचायतीने 2000 साली ठराव करून सांगितलं, हा नाच बंद करा. विद्यापीठ लगेच ऐकलं का? नाही. कॉलेज खेळांचा कारभार बघणारी संस्था, एनसीएए, तिने 2005 साली नियम केला की असली अपमानकारक चिन्हं घेऊन आमच्या अंतिम स्पर्धांत येता येणार नाही. तेव्हा कुठे 2007 च्या फेब्रुवारीत तो नाच शेवटचा झाला. 81 वर्षं लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठात मात्र आदिवासी विद्यार्थ्यांनी मागणी केल्यावर 1972 सालीच 'इंडियन' हे चिन्ह टाकलं होतं. म्हणजे मनात असलं तर होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या टीमचं नाव 'सेमिनोल' आहे आणि ते अजून चालू आहे, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने त्याला संमती दिली. एनसीएएने ती मानली. कोणाला हे पटेल, कोणाला नाही. पण तिथे ज्याचं नाव त्याला विचारलं गेलं. मुद्दा तोच आहे. ज्याची खूण त्याला विचारा. वर्तमानपत्रवाले असल्या चिन्हाला 'शुभंकर' म्हणतात. अरे, शुभ कोणाला?

दुसरं, खूण कोणाच्या अंगावर. मिसिसिपी विद्यापीठ. टीमचं नाव 'रेबेल्स', म्हणजे बंडखोर. ऐकायला झकास. बंड कशासाठी? गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेच्या राज्यांनी केलेलं यादवी युद्धातलं बंड. चिन्ह काय, तर 'कर्नल रेब', पांढऱ्या दाढीमिशीचा, काठी घेतलेला म्हातारा जमीनदार. आणि स्टेडियमात हजारो हातांत गुलामवाल्यांचा झेंडा. 1962 च्या 29 सप्टेंबरला या टीमच्या सामन्याच्या मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानात उभा राहून बोलला आणि सगळं स्टेडियम झेंडे फडकवत पेटलं. कारण जेम्स मेरेडिथ नावाचा एक काळा तरुण त्या विद्यापीठात प्रवेश मागत होता. दुसऱ्या रात्री दंगल झाली, दोन माणसं मेली. 1 ऑक्टोबरला मेरेडिथ फौजेच्या पहाऱ्यात वर्गात बसला. महाडचं तळं आठवा. पाणी प्यायला गेलो तर डोकी फुटली. तिथे पुस्तक उघडायला गेला तर गोळ्या.

पुढे काळी पोरं त्या टीममध्ये खेळायला लागली. विचार करा, घाम काळ्याचा, आणि कौतुक करताना वर फडकतोय त्याला विकणाऱ्यांचा झेंडा! 1982 साली जॉन हॉकिन्स हा तिथला पहिला काळा चिअरलीडर निवडून आला. तो झेंडा घेऊन मैदानात पळायचं ही त्या जागेची रीत. हॉकिन्सने सरळ नकार दिला. एका पोराचा हात वर गेला नाही आणि विद्यापीठाची झोप उडाली. पुढच्याच वर्षी, 1983 साली, विद्यापीठाने जाहीर केलं की तो झेंडा आमचं अधिकृत चिन्ह नाही. कर्नलला मैदानातून काढायला मात्र 2003 उजाडलं. आणि 'रेबेल्स' हे नाव अजून तसंच आहे.

तिसरं, नाही म्हणायची मुभा. वायोमिंग विद्यापीठ, 1969 चा ऑक्टोबर. टीममध्ये 14 काळे खेळाडू. सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी, ते मॉर्मन चर्चचं. त्या चर्चमध्ये काळ्या माणसाला धर्मगुरू होता येत नव्हतं. हे तर आपल्याला समजावून सांगायला नको. या 14 जणांना वाटलं, आपण दंडाला काळी पट्टी बांधावी. विचारायला म्हणून सगळे मिळून प्रशिक्षक लॉइड ईटनकडे गेले. दंडाला पट्ट्या बांधून गेले. त्याने चौदाच्या चौदा जणांना त्याच जागी टीममधून हाकललं. तारीख 17 ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना घेऊन तो सामना 40-7 जिंकला. बघा, जिंकलासुद्धा! असा न्याय लगेच मिळतो या भ्रमात कोणी राहू नका. पोरांनी कोर्टात दावा लावला, तो हरले. कित्येकांचं खेळणं तिथंच संपलं. चर्चने ती बंदी 1978 साली उठवली. विद्यापीठाने माफी मागितली ती 2019 साली. 50 वर्षांनी.

एवढीशी पट्टी हो. बोटभर रुंदीची. तुमच्या अंगभर माझा रंग चालतो, माझं चिन्ह चालतं, माझ्या कंपनीचं नाव चालतं, पण तुमच्या मनातली बोटभर पट्टी चालत नाही. युनिफॉर्म कोणाचा असतो हे असं एका पट्टीने कळतं.

चौथं, पैसे. इथे मी जरा गोदीतला माणूस म्हणून बोलतो.

आमच्या अंगात चमकपट्टीचं जाकीट असतं. पाठीवर कंपनीचं नाव, मोठ्या अक्षरात. जाकिटाचे पैसे कंत्राटदार पगारातून कापतो. म्हणजे कंपनीची जाहिरात मी माझ्या पैशाने माझ्या पाठीवर वागवतो. आमच्या गँगमधल्या एका पोराच्या पायावर लोखंड पडलं. पाय मोडला. त्याला उचललं तेव्हा पाठीवर कंपनीचं नाव होतं. ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, हा आमचा माणूस नाही, कंत्राटदाराकडे जा. कंत्राटदार म्हणाला, हा रोजंदारीवर होता, आज त्याची हजेरीच नाही. नाव पाठीवर, जबाबदारी वाऱ्यावर!

आता ऐका. 1955 साली कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू कॉलेजसाठी खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं, कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब तो कामगार नव्हता. त्याच काळात एनसीएएने एक शब्द तयार केला, 'विद्यार्थी-खेळाडू'. त्या संस्थेचा अनेक वर्षांचा प्रमुख वॉल्टर बायर्स याने पुढे 1995 च्या आपल्या पुस्तकात उघड लिहिलं की हा शब्द खेळाडूंना कामगार ठरवलं जाऊ नये या भीतीतून आला. आम्हाला 'कंत्राटी', त्यांना 'विद्यार्थी'. शब्द वेगळे, डाव एकच. अंगावर आमचं चिन्ह, पण माणूस आमचा नाही.

आणि त्या जर्सीचं काय? दुकानात ती विकायची, तिच्यावर चांगल्या खेळाडूचा नंबर टाकायचा, पण त्याचं नाव टाकायचं नाही. नाव टाकलं तर हिस्सा द्यावा लागेल ना! नंबर सगळ्यांना ओळखीचा, पैसा कॉलेजचा आणि कंपनीचा. 2010 साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन याने आपली वापरलेली जर्सी हजार डॉलरला विकली. स्वतःच्या घामाची जर्सी! एनसीएएने त्याला चार सामने बाहेर बसवलं. दुकानात जर्सी विकली तर तो धंदा, आणि ज्याने अंगात घातली त्याने विकली तर तो गुन्हा.

हे आपोआप बदललं नाही. एड ओबॅनन हा बास्केटबॉलचा जुना खेळाडू 2009 साली कोर्टात गेला. मग दुसरे गेले. 2021 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात 9 विरुद्ध 0 अशा मताने एनसीएएला तोंडघशी पाडलं. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे, आपल्या चेहऱ्याचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली. 2025 च्या जूनमध्ये आणखी एका खटल्याची तडजोड मंजूर झाली. तिच्याप्रमाणे विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. कोण म्हणतं खेळात राजकारण नको? ज्यांच्या गल्ल्यात पैसा पडतो तेच असं म्हणतात.

आता शेवटची गोष्ट. ही ऐका आणि मग मत द्या.

अलाबामा राज्यात लाउन्स नावाची एक काउंटी, म्हणजे आपला तालुका समजा. 100 माणसांत 80 काळी. आणि 1965 च्या सुरुवातीला मतदारयादीत काळं नाव एकही नाही. नाव घालायला गेलं की जमिनीवरून हुसकायचे, गोळ्या घालायचे. तिथल्या लोकांनी, आणि स्टोकली कारमायकेलसारख्या बाहेरून आलेल्या तरुणांनी, स्वतःचा पक्ष काढला. तिथे पुष्कळांना वाचता येत नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि 1966 पर्यंत त्या कोंबड्यावर चक्क 'गोऱ्यांचं वर्चस्व' असं लिहिलेलं असायचं. त्याच्यासमोर काय ठेवायचं? रूथ हॉवर्ड नावाच्या तरुण कार्यकर्तीने आधी कबुतर सुचवलं. कोणाला पटलं नाही. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजकडे नजर गेली. हे कॉलेज गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी 1869 साली निघालेलं, काळ्या विद्यार्थ्यांचं. त्याच्या टीमचं जनावर होतं पँथर. ते चित्र घेतलं, डोरोथी झेलनरने ते गिरवून साफसूफ केलं, आणि काळा पँथर मतपत्रिकेवर गेला. 1966 च्या निवडणुकीत ते हरले. पण 1966 च्याच ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तोच पँथर उचलला आणि ब्लॅक पँथर पार्टी काढली. आणि लाउन्समध्ये? ज्या जॉन ह्युलेटने तो पक्ष उभा केला होता, तो 1970 साली तिथला शेरीफ म्हणून निवडून आला.

आणि 1972 साली मुंबईत, आपल्या कामाठीपुऱ्यात, सिद्धार्थ विहारात वावरणाऱ्या पोरांनी, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी, तेच नाव घेतलं. दलित पँथर.

समजलं का? आपल्या बापांनी ज्या नावावर लाठ्या खाल्ल्या, ते जनावर एका गरीब काळ्या कॉलेजच्या खेळाच्या टीमकडून निघालं होतं. टीमच्या छातीवरून ते मतपत्रिकेवर गेलं, तिथून ओकलंडच्या रस्त्यावर, तिथून समुद्र ओलांडून आमच्या गल्लीत. एकाही कंपनीने ते पुरस्कृत केलं नव्हतं. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने 1951-52 च्या निवडणुकीत हत्ती घेतला होता, तोही असाच. अक्षर न वाचता येणाऱ्या आमच्या आजीला तो हत्ती ओळखता येत होता. चिन्ह असं असतं. ते आपलं असलं की मेलेल्या माणसाला उठवतं, दुसऱ्याचं असलं की जित्या माणसाचा खांब करतं, जाहिरातीचा खांब.

आता कोणी म्हणेल, पण पोरांना कपडे तर पाहिजेत. पाहिजेतच. म्हणून नुसता विरोध घेऊन मी आलो नाही, हिशेब घेऊन आलोय. एक टीम 12 जणांची. मुलांची एक, मुलींची एक, एकूण 24. एका टी-शर्टला 250 रुपये धरले तर 6000 होतात. 60 घरांनी 100-100 रुपये काढायचे. ज्याला जमत नाही त्याने 20 द्यावेत, आम्ही गोदीवाले वरचे भरू. छपाई आपल्याच पोरांना येते.

माझा ठराव असा. एक, रंग निळा. दोन, चिन्ह वस्तीतल्या पोरापोरींनी काढायचं आणि सगळ्यांपुढे ठेवून निवडायचं. तीन, पाठीवर नंबर, आणि नंबराच्या वर खेळणाऱ्याचं स्वतःचं नाव, मुलींचंसुद्धा. चार, कोणाला एखाद्या अन्यायासाठी दंडाला पट्टी बांधायची असेल तर त्याने कोणाची परवानगी मागायची नाही. पाच, खेळताना कोणी जखमी झालं तर औषधपाण्याचा खर्च मंडळाचा. आपलं चिन्ह ज्याच्या अंगावर, तो आपला माणूस, हे लेखी पाहिजे.

बिल्डरला काय सांगायचं? सांगा, आमची पाठ भाड्याने द्यायची नाही. तिच्यावर पूर्वी झाडूच्या खुणा होत्या.

हात वर करा.

जयभीम.